दोरावरचा आकडा

पुण्यात फोर बाय फोर गाडी घेणारा माणूस पहिल्या महिन्यात तिच्यावर काय काय चढवतो ते बघा. टपावर दिव्यांची लांबलचक पट्टी, काळ्या रिमा, पुढे विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, बसवलेला लोखंडी बंपर, बॉनेटच्या कडेला उभा हाय-लिफ्ट जॅक. आता त्याच गाडीची डिकी उघडून टायरमधली हवा मोजायचं मीटर शोधा. सापडत नाही. फावडं नाही, हातमोजे नाहीत. दोर असतो, पण तो हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर आणलेला प्लॅस्टिकचा, ताडपत्री बांधायच्या लायकीचा. तो किती भाराला तुटतो हे मालकाला माहीत नसतं, विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मला हे भयंकर वाटतं. रुतलेली गाडी बाहेर काढणं हे या छंदातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. खडकावर चढताना गाडी घासते, पत्रा चेपतो, पैसे जातात. ओढताना दोर किंवा हुक तुटला तर माणूस जातो. या कामाच्या सामानाची निवड रंग आणि ऐट बघून करणं मला मान्य नाही. या प्रत्येक वस्तूवर एक आकडा छापलेला असतो किंवा असायला हवा. खरेदी त्या आकड्यावर व्हायला हवी.

आणि हे पुण्याला सांगावं लागावं? गुरखा बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचं, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोचं, घर आकुर्डीला आहे. जीपच्या गाड्या रांजणगावात तयार होतात. देशभरातल्या गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय वेताळ टेकडीवर बसली आहे. भोसरी-चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये जा आणि क्रेनवर काम करणाऱ्या पोराला विचारा, हा हिरवा पट्टा किती उचलतो? तो न थांबता सांगेल, दोन टन. पिवळा तीन, करडा चार, लाल पाच, तपकिरी सहा, निळा आठ. पॉलिएस्टरच्या त्या पट्ट्यांचे रंगच वजनावर ठरलेले आहेत. पट्ट्यावरची चिठ्ठी फाटली असेल तर तो पट्टा बाजूला काढतात. भार उचलणारी यंत्रं, साखळ्या आणि दोर यांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी झालीच पाहिजे, ही शिस्त १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ने घालून दिली, आणि औद्योगिक पट्ट्यात ती अंगवळणी पडली आहे. आठवडाभर या शिस्तीत वावरणारा इंजिनिअर रविवारी ताम्हिणीच्या बाजूला चिखलात उतरतो आणि दोन टनांची गाडी बिनआकड्याच्या दोराला बांधून झटका मारतो.

त्या झटक्याचा हिशेब मांडू. शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पलीकडे त्यात काही नाही.

माणसं-सामानासकट २,००० किलोची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे गेली आणि मागे बांधलेला दोर ताणला गेला. त्या क्षणी गाडीत सुमारे ७,७०० ज्यूल ऊर्जा आहे. ती दोरात उतरणार. दोर नऊ मीटरचा आणि नायलॉनचा असेल, वीस टक्के ताणणारा असेल, तर ही ऊर्जा १.८ मीटर लांबीत पसरते. रुतलेली गाडी जागची हलली नाही असं धरलं तरी दोन्ही टोकांच्या हुकांवर येणारा जास्तीत जास्त भार ८७० किलोच्या आसपास राहतो. आता दोर फक्त पाच टक्के ताणणारा घ्या. तीच गाडी, तोच वेग. ऊर्जा तेवढीच, पण ती आता ४५ सेंटिमीटरमध्ये मावायची आहे. भार जातो साडेतीन टनांवर. साखळी किंवा वायर रोप लावला तर ताण जवळपास शून्य, आणि भार किती होईल ते हुक तुटल्यावरच कळतं. शिवाय वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. "अजून जोरात मार" असं कडेला उभा असलेला मित्र ओरडतो तेव्हा तो हे चौपट मागत असतो.

म्हणून झटका देऊन काढायचा दोर ताणणाराच हवा. बाजारात तो दोन रूपांत मिळतो. सपाट विणलेला नायलॉनचा पट्टा, त्याला स्नॅच स्ट्रॅप म्हणतात, तो साधारण वीस टक्के ताणतो. दुसरा गोल, दुहेरी विणीचा कायनेटिक रोप, तो तीस टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिएस्टरचा टोचनचा पट्टा दिसायला पहिल्यासारखाच असतो आणि दुकानात त्याच्याच शेजारी टांगलेला असतो, पण तो फारसा ताणत नाही. बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून गॅरेजपर्यंत टोचन करून न्यायला तो उत्तम. झटक्याला तो घातक. रंगावरून फरक ओळखता येत नाही. चिठ्ठीवर नायलॉन लिहिलंय की पॉलिएस्टर, हे वाचूनच कळतं.

हा फरक पुण्यातल्या गिर्यारोहकांना कोणी शिकवायला नको. लिंगाण्यावर किंवा ड्यूक्स नोजवर चढताना पडणाऱ्याला झेलणारा दोर ताणणारा, डायनॅमिक. ज्यावरून उतरायचं किंवा सामान ओढायचं तो न ताणणारा, स्टॅटिक. स्टॅटिक दोरावर पडलं की झेलतानाच कंबर मोडते. चढाई करणाऱ्या मंडळींकडे दोराची वही असते. कधी घेतला, किती वापरला, त्यावर कोण किती जोरात पडलं, सगळं त्यात लिहिलेलं. गिरिप्रेमीसारख्या संस्थांनी या शहरात दोन-तीन पिढ्यांना दोराचा आदर शिकवला. ऐंशी किलोच्या माणसासाठी एवढी काळजी घेणाऱ्या शहरात दोन हजार किलोच्या गाडीचा दोर कोणी वहीत लिहीत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पट्ट्यावर लिहिलेले आठ टन म्हणजे तुटण्याचा भार. नवा, कोरडा पट्टा प्रयोगशाळेत ओढला तर तो आठ टनांना तुटतो. शॅकलवर, म्हणजे पट्टा हुकाला जोडणाऱ्या पिनवाल्या लोखंडी कडीवर, कोरलेले पावणेपाच टन म्हणजे सुरक्षित कामाचा भार. चांगल्या कंपनीची शॅकल त्याच्या सहापट भारापर्यंत तग धरेल अशी बनवलेली असते. आणि विंचवरचे ९,५०० पौंड, म्हणजे सुमारे ४,३०० किलो, ही ड्रमवर दोराचा एकच थर उरला असतानाची जास्तीत जास्त ओढ. ड्रम भरलेला असेल तर वरच्या थरावर तोच विंच एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त ताकद गमावतो. तीन वस्तू, तीन आकडे, तिघांचा अर्थ वेगळा. "माझा पट्टा आठ टनांचा आणि शॅकल पावणेपाचचीच, म्हणून मोठी शॅकल घेतो" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांची पावणेपाच टनांची शॅकल पट्ट्यापेक्षा कितीतरी दणकट असते. मोठी घेऊन ते फक्त जास्त जड लोखंड दोराला टांगतात. काही सुटलं तर तेच लोखंड हवेतून येणार असतं. १९ मिलिमीटर जाडीची पावणेपाच टनांची शॅकल किलोभर वजनाची असते.

जास्त टनांचा दोर म्हणजे जास्त सुरक्षित दोर, ही समजूतही काढून टाका. जिम्नी रिकामी जेमतेम १,२०० किलोची आहे, भरून दीड टनाच्या आसपास जाते. तिला बारा टनांचा जाडजूड कायनेटिक रोप लावला तर तो ताणतच नाही. ताणायला लागणारी ऊर्जा त्या हलक्या गाडीकडे नाही. मग तो महागडा दोर साखळीसारखा वागतो आणि झटका थेट हुकावर बसतो. दोन्ही गाड्यांपैकी हलकी जी असेल तिचं भरलेलं वजन घ्या आणि त्याच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याचा भार असलेला पट्टा निवडा. जिम्नीला चार टनांच्या आसपास, थारला सहा, फॉर्च्युनरसारख्या जड गाडीला आठ. जिम्नीवाले मित्रांच्या फॉर्च्युनरसाठी घेतलेला दोर उसना आणतात तेव्हा मला बोलावंसं वाटतं, आणि मी बोलतो.

दोरापेक्षाही महत्त्वाची त्याची दोन टोकं. गाडीच्या पुढच्या बंपरमधलं झाकण काढून जो आट्याचा हुक फिरवून बसवतात तो सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी आणि ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेला असतो. त्याला झटका द्यायचा नाही. आट्यातून तो वाकतो, आणि तिरका ओढला तर मोडतो. दणकट हुक म्हणजे चासीला बोल्टने घट्ट बसवलेला, आणि तो कुठे आहे हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकमध्येच पडलेलं असतं. काढून वाचा. आपल्याकडे आणखी एक वाईट चाल आहे. पार्किंगमध्ये मागून कोणी घासू नये म्हणून गॅरेजवाल्याकडून मागे चकचकीत गोळा असलेला दांडा लावून घेतात. त्या गोळ्याला पट्टा अडकवून ओढणं म्हणजे तोफ भरणं. गोळा ट्रॉली ओढायला असतो, उभा भार पेलायला आणि संथ ओढायला. झटक्याने त्याचा दांडा मोडला की तो गोळा पट्ट्याच्या साठलेल्या सगळ्या ऊर्जेसकट दुसऱ्या गाडीच्या काचेतून आत जातो. ऑस्ट्रेलियात या एकाच चुकीने माणसं मेली आहेत. तिथे आता लहान पोरालाही सांगतात, गोळ्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे तर तो गोळा अनेकदा रस्त्याकडेच्या वेल्डिंगवर उभा असतो.

पट्टा कमी पडला तर दोन पट्टे जोडावे लागतात. मध्ये लोखंडी शॅकल घालू नका. एक पट्टा सुटला तर ती थेट कोणाच्या तरी अंगावर येईल. एका पट्ट्याचा फासा दुसऱ्याच्या फाशातून काढा आणि मध्ये वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी घाला, म्हणजे फासे एकमेकांत आवळले जाणार नाहीत आणि काम झाल्यावर सुटतील. दोर गाठ मारून जोडू नका. गाठीत दोराची निम्म्याच्या आसपास ताकद जाते, आणि ती गाठ नंतर कापूनच काढावी लागते. आता डायनीमाच्या धाग्याच्या मऊ शॅकल मिळतात, वजनाला काहीच नसतात आणि सुटल्या तरी डोकं फोडत नाहीत. पण धारदार कडेच्या हुकावर त्या कापल्या जातात, तेव्हा हुकाच्या तोंडावरून बोट फिरवून पाहा.

आता खरेदीच्या क्रमाबद्दल, आणि इथे मी हट्टी आहे. सगळ्यात आधी हवेचं मीटर आणि बारा व्होल्टचा कंप्रेसर. रुतलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा गाड्यांना दोराची गरजच नसते. हवा ३२ वरून १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि गाडी स्वतःच बाहेर येते. पंधराच्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायची, म्हणून कंप्रेसर. हवा कमी ठेवून घाटात वेगाने उतरणं हा वेगळा मृत्यू आहे.

मग फावडं. लांब दांड्याचं, बागेतलं चिमुकलं नव्हे. गाडीचं पोट जमिनीला टेकलं असेल तर चाकांपुढची माती काढल्याशिवाय कुठलाही दोर उपयोगाचा नाही, आणि पोट टेकलेल्या गाडीला झटका देणं म्हणजे चिखलाची ती सगळी पकड हुकाच्या अंगावर घेणं. पाच मिनिटं खणलं तर भार निम्म्याने उतरतो. त्यानंतर चाकाखाली सरकवायच्या दातेरी फळ्या. मॅक्सट्रॅक्स या नावाने त्या ऑस्ट्रेलियातून जगभर गेल्या, आता कमी किमतीच्या नकलाही खूप आहेत. हलक्या प्लॅस्टिकचे दात पहिल्याच फिरण्यात वितळून सपाट होतात. घ्यायच्या तर दाबून, वाकवून बघून घ्या, आणि वापरताना चाक गरगर फिरवू नका. वेल्हा-भोरकडची मंडळी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या दगड, फांद्या आणि पेंढा घालून करत आली आहेत. फळ्या घरी राहिल्या असतील तर लाज न बाळगता तेच करा, मात्र फांदी कोणाच्या झाडाची तोडता ते आधी विचारा.

हाय-लिफ्ट जॅकबद्दल दोनच वाक्यं. तो १९०५पासून अमेरिकेत शेतीच्या कामाला वापरला जातो आणि जुन्या, जाड लोखंडी बंपरच्या जीपला तो शोभतो. आजच्या प्लॅस्टिक बंपरच्या गाडीला तो लावायला जागाच नाही, आणि दांडा सटकला तर जबडा फुटतो.

थार दिसली की ती फोर बाय फोर असेलच असंही नाही. जानेवारी २०२३पासून थार मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि थार रॉक्स तर पेट्रोलमध्ये फोर बाय फोर मिळतच नाही. रूप तेच, उंची तीच, पण लो गिअर नाही. ही गाडी घेऊन पवनेच्या मागच्या कच्च्या वाटेवर पावसात जाणाऱ्याने आधी हे मान्य करावं की त्याला दुसऱ्या गाडीची गरज पडणार. एकट्याने जाऊ नये. एकच गाडी असेल तर जगातला सगळ्यात महाग कायनेटिक रोपही बांधायला समोर कोणी नाही.

विंच सगळ्यात शेवटी. रोज शहरात फिरणाऱ्या गाडीला तो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. बंपरसकट पुढच्या चाकांवर बरंच वजन वाढतं, गाडी खड्ड्यात जास्त आपटते, आणि डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने पुढचे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले तेव्हापासून असा बंपर रस्त्यावर आणणं म्हणजे वाद विकत घेणं. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी भरलेल्या गाडीच्या दीडपट ताकदीचा घ्यावा, लोखंडी केबलऐवजी सिंथेटिक दोर घ्यावा आणि त्याबरोबर कप्पी घ्यावीच. एक कप्पी मध्ये घातली की ओढ दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि ड्रमवरून जास्त दोर सुटल्यामुळे विंच खालच्या, जास्त ताकदीच्या थरावर काम करतो. पूर्ण भाराला विंच चारशे अँपिअरच्या आसपास वीज खातो. इंजिन चालू ठेवा, थोडा थोडा ओढा, मोटरला दम घेऊ द्या. झाडाला बांधायचं तर बुंध्याच्या तळाशी आणि रुंद पट्ट्याने. इथे भोसरीत मिळणारा, चिठ्ठी असलेला पॉलिएस्टरचा उचलण्याचा पट्टा अगदी योग्य आहे, कारण विंचमध्ये झटका नसतो. केबल थेट बुंध्याला गुंडाळली की साल सोलते आणि झाड वाळू शकतं. तुमची गाडी संध्याकाळपर्यंत कोथरूडला पोचते, झाड तिथेच राहतं.

मात्र आपल्याकडे प्रत्यक्षात गाडी कोण काढतं? विंच नाही, मित्राची थारही नाही. ट्रॅक्टर काढतो. मुळशीत, मावळात, पुरंदरात, कुठेही. म्हणून ट्रॅक्टरबद्दल नीट समजून घ्यायला हवं, आणि नेमकं हेच कोणी शिकवत नाही. ट्रॅक्टरला झटक्याची गरज नाही. त्याचं वजन आणि लो गिअर पुरेसं असतं. तिथे न ताणणारा पट्टा चालतो, आधी सगळा ढिलेपणा काढून मग संथ ओढ. पण पट्टा बांधायचा तो खालच्या ड्रॉबारलाच. मागच्या धुऱ्याच्या वर, टॉप लिंकला बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी पुढची चाकं उचलून मागे उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो. हे सेकंद-दोन सेकंदांत होतं, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवाले दादा तुमच्या गडबडीत, पावसात, तुम्ही द्याल तिथे पट्टा अडकवतील. तुम्ही शहरातून आलात, चार गोष्टी वाचून आलात, तर ही एक गोष्ट त्यांच्या जिवासाठी लक्षात ठेवा. त्यांना योग्य पैसे द्या, आणि तुमच्या चाकांनी भातखाचराचा बांध फुटला असेल तर तो नीट करून द्या किंवा त्याचीही भरपाई द्या. आवण लावलेल्या खाचरातून गाडी घालणं हा छंद नाही, ती नासधूस आहे. कास आणि त्यासारखे सडे, सासवड-जेजुरीकडची माळरानं, जिथे लांडगे आणि चिंकारा आहेत, तिथेही गाडी घालू नका. पातळ मातीवर उमटलेलं चाक वर्षानुवर्षं जात नाही. तिथे रुतण्याचा प्रश्नच येऊ देऊ नका.

कोकणातल्या किनाऱ्यावरही तेच. दिवेआगर, केळशी, मुरुड, सुट्टीत कुठे ना कुठे पुण्याच्या पाटीची गाडी वाळूत अडकते आणि भरती यायला लागते. कोळ्यांना विचारा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकराच्या सुमारास. त्याआधी काही तास पाणी चढायला लागतं आणि ओली वाळू चाकाखालून निघून जाते. हिवाळ्यात याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा.

वाहत्या पाण्यात मी दोराची चर्चाच करत नाही. गुरखाची पाण्यात उतरायची मर्यादा ७०० मिलिमीटर आणि थारची ६५० सांगितली जाते, ती संथ पाण्याची. ओढ्याला जोर असेल तर गुडघाभर पाणीही गाडी सरकवतं. परत फिरा.

ओढण्याआधी दोन्ही चालकांनी एकमेकांशी बोलून खुणा ठरवाव्यात, आणि खूण करणारा एकच असावा. बाकी सगळे दोराच्या दीडपट लांबीइतके बाजूला, दोराच्या रेषेत कोणीही नाही. मोबाइलवर चित्रण करणारा नेमका त्या रेषेत उभा राहतो, कारण तिथून छान दिसतं. त्याला हलवल्याशिवाय गाडी सुरू करू नका. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जड सतरंजी टाका. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव वळसा मागे घ्या, नाहीतर भार पडल्यावर ती अडकते. दोन-तीन मीटर ढील, पहिला प्रयत्न अगदी हळू. तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि पुन्हा फावडं घ्या. पट्टा ताणून ताणून गरम होतो आणि त्याचा ताण परत यायला वेळ लागतो.

आणि घरी आल्यावर पट्टा धुवा. साध्या पाण्याने, साबण नको. चिखलातली बारीक वाळू धाग्यांमध्ये शिरून आतून कापत राहते, आणि भिजलेलं नायलॉन तसंही दहा-पंधरा टक्के ताकद गमावतं, म्हणजे आपल्या पावसाळ्यात छापील आकडा कधीच पूर्ण मिळत नाही. सावलीत वाळवा, उन्हाने धागा कुजतो. वाळल्यावर दोन्ही हातांत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवत बघा. कडेला काप, सुटलेली शिवण, वितळून कडक झालेली जागा दिसली तर तो पट्टा गेला. मग तो डिकीत "असू दे, अडीअडचणीला" म्हणून ठेवू नका आणि कोणाला देऊही नका. कात्रीने मधोमध दोन तुकडे करून कचऱ्यात टाका. अखंड राहिला तर कोणीतरी घाईच्या वेळी तो काढून हुकाला लावतोच.